दादा, होडीचं कळलं

दादा, तुझ्या गोळ्यांची पाकिटं अजून फार्मसीत माझ्या मागच्या फळीवर आहेत. चार आठवड्यांची, सोमवार ते रविवार, सकाळ-दुपार-रात्र अशी खणाखणांत भरलेली. नियमाप्रमाणे ती फोडून नष्ट करायला हवीत. तुला जाऊन सोळा दिवस झाले आणि मी रोज ते काम उद्यावर ढकलते आहे. माझ्या हाताखालची मुलगी परवा म्हणाली, "शोभा, मी करू का ते? इट्स नो ट्रबल." मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी चहाला निघून गेली. तू असतास तर म्हणाला असतास, "नावाड्याची पोर ती, ह्या काठावरून बोलली की त्या काठाला ऐकू जाणारच."

तुझ्या अंत्यविधीला मला तिघाचौघांनी विचारलं, ते तुमचे कोण? भाऊ का? मी म्हटलं, गाववाले. इथल्यांना त्यातून काही कळत नाही आणि आपल्यांना पुढचं काही विचारायची गरज पडत नाही. पण खरं सांगायचं तर गावात आपण धड गाववालेही नव्हतो. तू बोरठाणच्या पाटलांचा थोरला, वरच्या आळीतला. मी नदीकाठच्या सदू नावाड्याची पोर. तुझ्या घरच्या ओट्यावर मी एकदाही बसलेले नाही. आपली ओळख व्हायला तुला आणि मला समुद्र ओलांडून हॅमिल्टनला यावं लागलं.

अकरा वर्षांपूर्वी तू प्रिस्क्रिप्शन घेऊन काउंटरपाशी आलास. माझ्या छातीवरचं नाव वाचून मराठीत विचारलंस, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, पुण्याच्या. "पुण्यात कुठल्या?" मी म्हटलं, बोरठाण. तुझा हात तिथेच थांबला. "कुणाची?" "सदू नावाड्याची." म्हाताऱ्या लोकांसाठी आम्ही एक खुर्ची ठेवतो, त्या खुर्चीवर तू जाऊन बसलास, पन्नाशीतला धडधाकट माणूस. मग माझ्या वडलांचं विचारलंस, "नाना कसे आहेत?" मी सांगितलं, जाऊन सात वर्षं झाली. तू प्रिस्क्रिप्शनची घडी घालत बसलास, आणि मला वाटलं, गावाच्या आठवणीनं गहिवरला असेल. मी तर तुला तू दारातून आत येतानाच ओळखलं होतं. चावडीपुढे फोकाचा मार खाताना पाहिलेला माणूस विसरता येत नाही.

पहिलं वर्षभर मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. जीभच वळायची नाही. पाटलांच्या पोराला अरेतुरे केलेलं पाहिलं असतं तर माझ्या आईनं मला लाटणं फेकून मारलं असतं. तू चिडायचास. "दादा म्हणतेस आणि तुम्ही म्हणतेस? भावाला कोणी तुम्ही म्हणतं का?" एका पाडव्याला श्रीखंड वाढताना माझ्या तोंडून "घे रे अजून" निघून गेलं आणि तू वहिनीला हाक मारून म्हणालास, "मालती, ऐकलंस का? आज मला बहीण मिळाली." त्या दिवशी तू श्रीखंडाच्या चार वाट्या खाल्ल्यास. साखर वाढली म्हणून मीच तुझ्यावर दुसऱ्या दिवशी ओरडले.

मग तुझ्या ऑफिसात ती कार्यशाळा झाली. माओरी रीतीनं स्वतःची ओळख कशी करून द्यायची ते शिकवायला एक बाई आल्या होत्या. आधी आपला डोंगर सांगायचा, मग आपली नदी, मग आपली माणसं, आणि आपण कोण ते सगळ्यात शेवटी. तू तिथून तडक फार्मसीत आलास. चेहरा असा की काय झालंय कळेना. म्हणालास, "शोभा, मला विचारलं गं त्यांनी, तुझी नदी कोणती. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं कोणी. पुण्यात विचारायचे, पिनकोड काय."

"मग? काय सांगितलंस?"

"मुळा."

"तिच्यात बोट बुडवलं तर दोनदा साबण लावावा लागतो, हे सांगितलंस का?"

तू ओशाळलास. "नाही. मी सांगितलं, वाळूत कलिंगडं होतात."

"होतात?"

"व्हायची," तू म्हणालास.

त्या रविवारपासून तू बोरठाणचा इतिहास लिहायला घेतलास. मला आधी हसू आलं. कोण वाचणार होतं? तुझी नातवंडं मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्लिशमध्ये देतात. आणि ज्याचा लिहायचा ते गाव तरी कुठे आहे? आता बोरठाण म्हणजे एक बसस्टॉप आणि एका बँकेच्या शाखेवरची पाटी. पण तू हट्टाला पेटलास. दर रविवारी सकाळी गावाकडे फोन. ग्रामपंचायतीच्या पाटीवर महापालिकेचा रंग चढला तेव्हा शेवटचे सरपंच कोण होते, जकात नाका कुठून कुठे सरकला, कोणतं शेत कोणत्या सोसायटीच्या पार्किंगखाली गेलं. जन्मभर नकाशे काढले होतेस, म्हणून एवढा मोठा कागद आणून त्यावर प्रत्येक शेताचं नाव घातलंस. मळई, तांबडी पट्टी, चिंचेचं शेत, भुताचा खळगा, सासूसुनेचा बांध. बोट ठेवून मला सांगायचास, "बघ, सातबाऱ्यावर ह्याला नुसता नंबर आहे. नाव फक्त आपल्या तोंडात होतं. शोभा, शहरानं गाव मारलं."

इथूनच आपली भांडणं सुरू व्हायची. मी म्हणायचे, "तुझं मेलं. माझं सुटलं." तुला ते फार लागायचं, पण ते खरं होतं. माझ्या आईनं वीस वर्षं नदीवरून हंडे वाहिले. नळ आला तो शहराबरोबर. दहावीपर्यंतची शाळा आली ती शहराबरोबर. मी फार्मसी शिकले ती त्या लाल बसच्या जिवावर. पूल झाल्यावर हाताला काम नसलेल्या नानांना महापालिकेनं बिगारी म्हणून घेतलं आणि त्यांचं म्हातारपण निभावलं. तुमच्या घराला शेतं होती म्हणून ती गेल्याचं दुःख होतं. आमच्याकडे जायला होतंच काय?

एकदा तर मी तुला चांगलंच झोडलं. म्हटलं, "शहरानं गाव मारलं म्हणून रडतोस, आणि इथे आयुष्यभर काय केलंस रे? ह्या शहराच्या कडेला, रोटोटुनाला गाईंची कुरणं होती. त्यांवर रस्ते कोणी आखले? मी राहते त्या क्रेसेंटची, त्या वळणदार रस्त्याची रेघ तुझ्याच हातची ना? त्या कुरणांना नावं नव्हती का? विचारलीस कधी त्या शेतकऱ्याला?" तू दोन आठवडे फिरकला नाहीस. मला वाटलं, रुसला. तिसऱ्या रविवारी आलास तो खिशातून चिठ्ठी काढतच. तो शेतकरी तू शोधून काढला होतास, वृद्धाश्रमात, नव्वदीचा, आणि त्याच्यापाशी दोन दुपारी बसून चार नावं लिहून आणली होतीस. शेडमागचं. पाणथळ. म्हाताऱ्या घोड्याचं. चौथं त्याला आठवत नव्हतं, म्हणून त्याच्या बहिणीला फोन लावलास. तुझं घर 'पाणथळ' मध्ये आहे, असं मला ऐकवलंस आणि पोहे मागितलेस. असा माणूस होतास तू. तुझ्याशी भांडून जिंकलं तरी हरल्यासारखं वाटायचं.

तुझ्या इतिहासात माझा कोपरा एकच होता. "नदीकाठचं प्रकरण तू लिही," तू म्हणालास. "मी वरच्या आळीतला, मला होडीतलं काय कळतं?"

होडीतलं मला सगळं कळत होतं. आपला भैरवनाथ ह्या काठाला आणि त्याची बहीण त्या काठाला. चैत्रातल्या यात्रेला देव बहिणीला भेटायला निघायचा, आणि त्याची पालखी पलीकडे न्यायचा मान आमच्या घराचा. वर्षभर "ए सदू, होडी आण" म्हणणारं गाव त्या दिवशी "सदूबुवा, निघायचं ना?" म्हणायचं. नाना पहाटेच नदीत बुडी मारून धुतलेलं धोतर नेसायचे. आई होडीला हळदकुंकू लावायची. आणि पालखीच्या पायाशी, होडीच्या टोकाला मी. ही होडी माझी आहे, असं मी पलीकडच्या गावातल्या पोरींना सांगायचे. नाना वल्हं मारता मारता म्हणायचे, "व्हय, तुझीच."

मग पूल झाला. त्या चैत्रात पालखी पुलावरून गेली, वाजतगाजत. नाना धुतलेलं धोतर नेसून खाली काठावर उभे होते, होडीला झेंडूचा हार घातलेला. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पालखी पूल ओलांडून दिसेनाशी झाल्यावर त्यांनी हार काढला, पाण्यात सोडला आणि घरी येऊन जेवायला बसले. तुझ्या पहिल्या खर्ड्यात तू लिहिलं होतंस, 'पूल झाला आणि साऱ्या गावाला आनंद झाला.' त्या ओळीभोवती मी लाल पेनानं वर्तुळ काढलं आणि हे सगळं तुला सांगितलं. तू ती ओळ खोडलीस. "मी त्या दिवशी पालखीच्या पुढे लेझीम खेळत होतो," म्हणालास. "खाली बघितलंच नाही."

त्यानंतर दोन वर्षं होडी काठावर उपडी पडून होती. नाना तरी दर उन्हाळ्यात तिला डांबर फासायचे. आणि एका होळीला ती गेली. होळीला लाकडं चोरायची आपली रीत. मागून आणलेल्या लाकडाची होळी कसली, म्हणायचे. मोडक्या खाटा, गोठ्याची दारं, गाडीचं जू, काही म्हणून पोरं सोडायची नाहीत. आणि एकदा होळीत पडलं की परत मागायचं नाही, तक्रार करायची नाही. त्या संध्याकाळी होळीचा धूर काळाकुट्ट निघाला. धुळवडीच्या सकाळी मी उठले तर नाना घमेलं घेऊन राखेत बसलेले. होडीचे खिळे वेचत होते. मी नऊ वर्षांची होते. मी विचारलं, "कुणी नेली?" नाना म्हणाले, "पोरांनी. होळीचं मागायचं नसतं."

कोणती पोरं ते दुपारपर्यंत गावाला कळलं. तू, किसन आणि आणखी दोघं होडीच्या फळ्या नेताना कुणीतरी पाहिलं होतं. खाटेचं ठीक, पण देव बसलेली होडी! तुझ्या वडलांनी तुला चावडीपुढे उभं करून फोकानं मारलं. एकोणीस वर्षांचा होतास. तोंडातून शब्द काढला नाहीस. मी गर्दीत पुढे घुसून बघत होते, आणि दादा, मला बरं वाटत होतं. प्रत्येक फटक्याला बरं वाटत होतं. मग नाना पुढे झाले आणि त्यांनी पाटलांचा हात धरला. "राहू द्या पाटील, पोरं हायती." मला नानांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ज्याचं गेलं त्यानंच गयावया करायची?

हे सगळं मनात ठेवून मी तुला अकरा वर्षं चहा पाजला. मी वाट बघत होते. तू कधीतरी स्वतःहून म्हणशील, शोभा, ती होडी आम्ही नेली, चुकलं. एवढंच. मी लगेच म्हटलं असतं, जाऊ दे रे, पोरवय होतं. माझं उत्तर तयार होतं, प्रश्न तेवढा तुझ्याकडून यायचा राहिला होता.

मी प्रकरण लिहिण्याची टाळाटाळ करत राहिले, म्हणून ऑगस्टमधल्या त्या रविवारी तूच कच्चं लिहून आणलंस. बाहेर पाऊस आणि गार वारा, आपण माझ्या स्वयंपाकघरात. मी वाचत गेले. शेवटची ओळ होती, 'पूल झाल्यावर होडी दोन वर्षं काठावर होती. पुढे ती होळीत गेली.'

"गेली?" मी म्हटलं. "होडीला पाय फुटले होते?"

"शोभा…"

"कोणी नेली ते लिही ना. चोरली म्हणून लिही."

तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास. "नावं लिहितो. माझं, किसनचं, चौघांची लिहितो. पण चोरली असं नाही लिहिणार."

"का?"

"नाही लिहिणार."

"पाटलांची पोरं चोरी करत नाहीत म्हणून?"

तू माझ्याकडे बघत राहिलास. तेव्हा ती नजर मला कळली नाही.

"चोर आहात तुम्ही," मी म्हणाले. "चोरच आहात." किती वर्षांनी मी तुला पुन्हा 'तुम्ही' म्हटलं होतं, आणि मुद्दाम म्हटलं होतं.

तू उठलास. कप विसळलास, पालथा घातलास. दारात बूट घालताना म्हणालास, "त्या जागी पान कोरं ठेवतो. तुला वाटेल ते लिही. मी एक अक्षर बदलणार नाही."

मी लिहिलं नाही. बोललेही नाही. पंधरा दिवसांनी तुझा मेसेज आला, 'थालीपिठं लावली आहेत मालतीने. ये.' मी वाचला आणि फोन पालथा ठेवला. तुझी पाकिटं भरायचं काम दुसऱ्या मुलीला दिलं. एकदा तू ती न्यायला आलास तेव्हा मी मागच्या बाजूला लेबलं चिकटवत उभी होते. कपाटांच्या फटीतून तू दिसत होतास. मान उंच करून आत बघितलंस, मग त्या मुलीला "थँक्यू, कीया ओरा" असे दोन भाषांत आभार मानून गेलास. मी तुला पाहिलं ते शेवटचं. तुझी मान बारीक झाली होती. गोळ्या बदलल्यात का, पायाला सूज आहे का, धाप लागते का, हे विचारायचं माझं कामच होतं, दादा, आणि मी लेबलं चिकटवत राहिले.

वहिनीचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि समोर लसीकरणाची रांग होती. "गेले गं," एवढंच म्हणाली. मी हातातली लस देऊन टाकली, कागदावर सही केली, आणि मग म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या त्या खुर्चीवर जाऊन बसले.

तुझ्या अंत्यविधीला हॉल भरला होता. तुझा मुलगा इंग्लिशमध्ये बोलला, छान बोलला. मग तुझ्या ऑफिसातले ते माओरी गृहस्थ उठले. त्यांनी आधी आपला डोंगर सांगितला, आपली नदी सांगितली. आणि मग तुझ्याकडे बघून म्हणाले, "वसंत्स रिव्हर इज द मुळा." त्या सगळ्या माणसांत मुळा पाहिलेली फक्त वहिनी आणि मी. मी पदरात तोंड घालून रडले. पण खोटं कशाला सांगू, रडतानाही आत एक अढी होतीच. शेवटपर्यंत कबूल केलं नाहीसच ना, असं म्हणणारी.

परवा किसनदादाचा फोन आला. तुझ्याकडून नंबर घेऊन ठेवला होता म्हणे, माझ्या प्रकरणासाठी काही विचारायचं झालं तर. मळईवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो तो. "सदूची शोभी का गं? वसंता गेला म्हनं…" आणि म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. मग मला राहवेना. म्हटलं, "किसनदादा, एक विचारते. आमची होडी नेलीत तुम्ही चौघांनी, त्याची कधी लाज वाटली का?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कोणीतरी बंद केला.

"म्हंजी? वसंतानं तुला सांगितलंच न्हाई?"

"काय सांगायचं होतं?"

"आगं, आमी न्यायलाच गेल्तो, ते खरं. भर दुपारी, गाव जेवून पडलेलं. तर तुझा बाप होडीपाशी बसलेला. आमी पळाया लागलो, तर त्यानंच हाक मारली. म्हनला, आरं पळता कशाला? न्या की. पर नीट उचला, देव बसलाय तिच्यात. आन् सोताच्या हातानं फळ्या सुट्या करून दिल्या. वल्हंबी त्यानंच आनून दिलं."

मी खुर्ची ओढून बसले.

"वखारवाला मागं लागला व्हता त्याच्या," किसनदादा सांगत होता. "तुझा बाप म्हनला, सरपणाला न्हाई द्यायची. जाऊ दे देवाच्या आगीत."

"मग सांगितलं का नाही कोणी? पाटलांनी एवढं मारलं…"

"तुझ्या बापानंच शपथ घातली ना! म्हनला, माज्या पोरीला कळू देऊ नका. माझी होडी, माझी होडी करत हिंडती. बापानं हातानं जाळली म्हनून जन्मभर मनात धरंल. त्यापरीस पोरांनी नेली म्हनू द्या. आमी तिघं हूं म्हनलो आन् इसरलो. वसंतानं मातुर डोळ्याला पानी आनून शपथ घेतली. फोक खाल्लं, पर बोलला न्हाई." मग म्हणाला, "तू म्हातारी झालीस आता. आता धरून कशाला ठिवायचं, म्हनून बोललो."

फोन ठेवल्यावर मी काय केलं ते सांगते. मी कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या, चौथी झाली, पाचवी झाली, आणि मुलीनं येऊन गॅस बंद केला. "आई, आर यू ओके?" मी म्हटलं, भात करपला. मग मला नानांचा राग आला, मग तुझा आला. असा कसा रे तू? माझ्या स्वयंपाकघरात मी तुला तोंडावर चोर म्हणत होते आणि तुझ्या हातात एक वाक्य होतं. 'तुझ्या बापानं दिली.' मी तुझ्या जागी असते तर पहिल्याच चहाला सांगून मोकळी झाले असते, आणि वर म्हटलं असतं, माफी माग. नाना जाऊन अठरा वर्षं झाली होती. शपथ घालणारा राहिला नव्हता. तरी तू कप विसळून पालथा घातलास आणि घरी गेलास.

आणि मी पूर्वीचं सगळं उलगडत बसले. नाना राखेतले खिळे का वेचत होते. पाटलांचा हात का धरला. त्या खुर्चीवर बसून तू आधी माझं काही न विचारता नानांचं का विचारलंस. ते असते तर तू त्यांना लिहिलं असतंस, आता सांगू का पोरीला, म्हणून. ते नव्हते, म्हणून तू एकटाच ते घेऊन फिरत राहिलास. मला तुझे आभार मानायचे आहेत आणि तुला दोन थोबाडीत द्यायच्या आहेत, आणि दोन्हींसाठी तू समोर हवास.

काल वहिनीकडे गेले. तिनं तुझी फाइल माझ्यासमोर ठेवली. नकाशा, शेतांची नावं, सरपंचांची यादी, सगळं जागच्या जागी. नदीकाठच्या प्रकरणाशी पान कोरं. वर पेन्सिलीनं तुझ्या त्या नकाशावाल्या अक्षरात एकच शब्द, 'शोभा'.

"हे पान कोरं छापायचं नाही, असं बजावून ठेवलं होतं त्यांनी," वहिनी म्हणाली. "म्हणायचे, ती चोर लिहील. लिहू दे. जसंच्या तसं छापा." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं हळूच विचारलं, "खरंच चोरली होती का गं त्यांनी?"

चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोलाही सांगितलं नव्हतंस.

मी वहिनीला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता हसली आणि रडली. मग तिच्याच टेबलावर बसून मी ते पान लिहिलं. होडी सदू नावाड्यानं आपल्या हातानं होळीला दिली, हे लिहिलं. वसंत पाटलानं ती चोरली नाही, हे लिहिलं. तरी त्या चोरीसाठी त्याला चावडीपुढे मार बसला आणि मार बसताना सदू नावाड्याच्या मुलीला आनंद झाला, हेही लिहिलं. खाली माझी सही केली. नानांची शपथ मी मोडली आहे. ती माझ्यासाठीच होती, तेव्हा मोडायचा हक्कही माझाच, असं मी स्वतःला समजावलं आहे. तुला पटलं नसतं. तू म्हणाला असतास, शब्द तो शब्द.

बोरठाणच्या इतिहासात माझ्या बापाला कोणी मोजत नव्हतं, दादा, हे मी तुला इतक्यांदा ऐकवलं. सदूचं म्हणणं कोण ऐकतो, असं त्या गावात सगळेच म्हणायचे, आणि मीही ते खरं धरून चालले. ऐकणारा एक जण होता. पाटलाचा पोरगा होता, आणि सदू नावाड्यानं एकदा सांगितलेलं त्यानं मरेपर्यंत ऐकलं, सदूच्या पोरीनं तोंडावर चोर म्हटलं तरी.